अर्ज मी लिहून देणार नाही

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता प्लॉटच्या खरेदी-विक्रीत आहे, चार पैसे कमावलेत, मला आनंदच आहे. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून कागद काढले. रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज होता. "सर, कारणाच्या रकान्यात जरा वजनदार मराठी लिहून द्या. तुमच्याशिवाय कोण लिहील?"

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून रिसोडात अनेकांनी माझ्याकडून अर्ज लिहून नेलेत. घरकुलाचे, शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे. हा अर्ज मात्र मी परत केला. तो नाराज होऊन गेला आणि दोन दिवसांत माझ्या कानावर आलं की 'सर भेकड निघाले'. म्हणून काय ते जाहीरच लिहितो.

आधी त्याची बाजू. रात्री पैसे घेऊन एकटा गाडीवर येतो, रस्ता सुनसान असतो. आणि, "सर, दिवस कसे आहेत ते तुम्हाला सांगायला पाहिजे का?" नको. जमावानं कुणाला गाठून मारल्याची बातमी आली की आमच्या मोहल्ल्यात मुलगा घरी येईपर्यंत आई दाराशी उभी असते. ही भीती खोटी नाही, तिची थट्टा मी कधीच करणार नाही. कायदाही जीव वाचवण्याचा हक्क देतो, भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो लिहिला आहे. माझा वाद हक्काशी नाही. कमरेला लावलेली ती वस्तू हे काम करते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्यानं मला विचारलं होतं, रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? सामान्य माणसाला ९ एमएमचं मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. म्हणून बहुतेकांची गाडी ०.३२ वर येते. रिव्हॉल्व्हर साधं असतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली लपतं, पण त्यात एक घात आहे. मॅगझिन काढून ठेवलं तरी एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते. 'रिकामं आहे' म्हणत अनेक अपघात होतात ते असेच. आणि रिव्हॉल्व्हर साधं म्हणून निर्धोक असतं असंही नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी अभिनेता गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची.

समजा, वस्तू चांगली निवडली. ती काढणार कधी? १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसानं मोजून दाखवलं की २१ फुटांवरून धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्याच वेळात होल्स्टरमधून हत्यार काढून नेमकी गोळी मारायला शिकलेल्या पोलिसालाही धावपळ होते. आपला माणूस शर्ट वर करणार, बटण सोडणार, समोर कोण आहे ते ओळखणार, तेही अंधारात आणि थरथरत्या हातानं. त्यासाठी हजारो गोळ्यांचा सराव लागतो. परवान्यावर तर वर्षाला किती काडतुसं घ्यायची त्याची मर्यादा लिहिलेली असते. सराव करणार कुठे, तुरीच्या शेतात?

आणि मारायला येणारा वेळ देऊन येत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड पानसरेही पत्नीसोबत सकाळी फिरायलाच गेले होते. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दिकींना तर पोलिसांचं संरक्षण होतं. यांतल्या कोणत्या प्रसंगी कमरेच्या पिस्तुलानं काय केलं असतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

मग लोक ते घेतात कशाला? खरं बोलायचं तर रुबाबासाठी. सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातले बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले. हवेत बार काढणाऱ्यांचे, कमरेचं हत्यार मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. मग प्रशासनाला परवाने रद्द करत बसावं लागलं. इतकी शस्त्रं असलेल्या जिल्ह्यात एक सरपंच मारहाणीत जिवानिशी गेला. त्या शस्त्रांनी सामान्य माणसाला काय दिलं?

सरकारही कमी नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं ०.३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रस्त्यावर दिवा लावायचा, चौकीत माणूस ठेवायचा, ते राहिलं बाजूला. ज्या मजूर बाईला रात्री पायी घरी जायचं आहे तिच्यापुढे सव्वा लाखाचं धाडस ठेवलं. सुरक्षा ही विकत घ्यायची वस्तू झाली की गरीब आपोआप रांगेतून बाहेर पडतो.

आता माझ्या लोकांशी जरा कडक बोलतो. पिस्तूल दाखवणारी रील कुणीही टाकली तरी गुन्हाच. शस्त्र नियम २०१६ सांगतात की हत्यार झाकून न्यायचं, लोकांत परजायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं हर्षाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. पण तीच रील आमच्या अस्लमनं टाकली तर तिला मथळा वेगळा लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध बोलूच. पण बोलेपर्यंत त्या पोराची उमेदीची वर्षं आणि बापाचं शेत वकिलाकडे गेलेलं असतं. गावठी कट्ट्याचं तर नाव काढू नका. विनापरवाना हत्याराला दोन ते पाच वर्षं आहेत, आणि त्याची नळी कधी आपल्याच हातात फुटेल याचा भरवसा नाही.

आणि दीनचं म्हणाल, तर हदीसमध्ये तिरंदाजी शिकण्याची ताकीद आहे, हे आमची पोरं मला अभिमानानं ऐकवतात. बरोबर आहे. पण त्याच हदीसच्या किताबांत हेही आहे की मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोकं हातात धरावीत, कुणाला लागू नयेत. आणि भावावर गमतीनंही हत्यार रोखू नये. एवढं अर्धं सोडून बाकीचं अर्धं पाठ करायचं, हा कुठला अभ्यास?

नेम धरायची हौस असेल तर माझी ना नाही, उलट मीच तुमच्यासोबत येतो. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसूफ डिकेच साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून रौप्यपदक घेऊन गेले. आमच्या पोरांनी तो फोटो स्टेटसला ठेवला. पण खिशातला हात रुबाबासाठी नव्हता. या खेळात पिस्तूल एकाच हातानं धरायचं असतं, दुसरा हात खिशात घातला की शरीर डोलत नाही. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. सव्वा तासात साठ नेम, प्रत्येक नेमाला श्वास थांबवायचा, राग आला की नेम गेला. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ मध्ये पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या हातात पिस्तूल होतं म्हणून कुणी घाबरलं नाही, उभं राहून टाळ्या वाजवल्या.

०.१७७ बोअरच्या, ठरलेल्या मर्यादेतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. एका रिव्हॉल्व्हरच्या पैशात सरावाची एकाहून जास्त एअर पिस्तुलं येतात. जागा म्हणाल तर एक लांब खोली, शेवटाला भक्कम आड भिंत, आणि शिस्तीचा माणूस. पोरं आणि पोरी दोघांसाठी.

त्या विद्यार्थ्याला मी निरोप पाठवला आहे. परवान्याचा अर्ज लिहून देणार नाही. रात्रीच्या रस्त्यावर दिवे आणि पोलिसांची गस्त हवी म्हणून अर्ज करायचा असेल, तर आज लिहून देतो आणि पहिली सही माझी. नगरपरिषदेकडे रेंजसाठी खोली मागायची असेल, तर तोही लिहितो. मराठी हवी तेवढी वजनदार करून देईन. अजून तो आलेला नाही. येईल, माझा विद्यार्थी आहे.