सफरचंदाची लाली

गणेश चतुर्थीच्या सुमारास बाजारात हिमाचलची सफरचंदे दिसू लागतात. देवापुढच्या पाच फळांत एक, आजाऱ्याला भेटावयास जाताना पिशवीत चार, अशी ती आपल्या घरांत येतात. आणि निवडताना आपला हात बहुधा सर्वांत लाल फळाकडे वळतो. ही लाली झाडावर कशी चढते आणि फवारणीने ती वाढविता येते काय, याविषयी या वेळी लिहावे असे आम्ही योजिले आहे. कारण आपल्या हाताच्या या सवयीचा हिशेब सिमला-किन्नौरच्या उतारांवरील बागवानाला चुकवावा लागतो.

तेथे खरेदीचा भाव रंगावर ठरतो. सालीचा 80 ते 100 टक्के भाग लाल असलेले फळ एका भावाचे, 60 ते 80 टक्केवाले दुसऱ्या, आणि त्याहून फिके फळ पार तळाच्या भावाचे. चव तीच, वजन तेच, पण वर्षभराच्या मेहनतीचे मोल सालीवरून होते. मग कोणी ‘रंग आणणारे’ औषध घेऊन दारी आला तर बागवानाने त्याला माघारी पाठवावे कसे?

सफरचंदाची लाली म्हणजे सालीच्या पेशींत तयार होणारे अँथोसायनिन नावाचे रंजकद्रव्य. ते बाहेरून आत जात नाही. फळ ते स्वतः घडविते, आणि त्यासाठी त्याला फळातील साखर, अंगावर पडणारे ऊन आणि गार रात्री लागतात. पानाच्या आड राहिलेला गाल हिरवाच राहतो, हे कोणत्याही फळावर पाहता येते. हा रंग घडविण्याची आज्ञा देणारे जनुक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील शास्त्रज्ञांनी 2006 व 2007 साली ओळखले. ते उजेडाने जागे होते आणि उकाड्याने मंदावते. खालच्या, उष्ण पट्ट्यातील बागांत फळे फिकी राहतात ती यामुळे. गारपिटीपासून बचावासाठी बागेवर जाळी ताणली तर फळ वाचते, पण उजेड थोडा अडतो आणि लाली थोडी उणावते. बागवानाला दोन्हींतले एक पत्करावे लागते.

आता फवारणीकडे वळू. पानांवर पातळ द्रावण मारून झाडाला अन्न देण्याची ही रीत खरोखर उपयोगाची आहे, पण प्रत्येक अन्नाचा रंगाशी संबंध निराळा. सर्वांत मोठा, आणि दुर्दैवाने उलटा, संबंध नत्राचा. युरिया पानांतून चटकन शोषला जातो. फळ भरण्याच्या काळात तो सढळ हाताने मारला तर झाड हिरवेगार होते, नवे फुटवे जोमाने येतात, त्यांची सावली फळांवर पडते आणि सालीतील हरितद्रव्य ओसरण्याचे नाव घेत नाही. बागवानाला वाटते झाड खुशीत आहे. फळ मात्र फिके, आणि साठवणीत लवकर मऊ पडणारे निघते. तोच युरिया फळे उतरविल्यावर, पाने गळण्यापूर्वी मारला तर नत्र खोडा-फांद्यांत साठून पुढील बहाराला उपयोगी पडते. खत तेच, फरक महिन्याचा.

पालाशाविषयी बागायतदारांत मोठा विश्वास आढळतो. झाडाला त्याची उणीव असेल तर फळ लहान व निस्तेज राहते, आणि ती भरून काढली की रंग सुधारतो, एवढे खरे. परंतु पुरेसे पालाश असलेल्या झाडावर आणखी मारून लाली वाढत नाही. उलट जादा पालाश कॅल्शियमच्या वाटेत येते. कॅल्शियम झाडातून फळापर्यंत फार कमी पोहोचते, म्हणून त्याची फवारणी थेट फळावर पडेल अशी आणि हंगामात पुनःपुन्हा करावी लागते. ते कमी पडले तर सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके पडतात. त्याने रंग येतो असे मात्र म्हणवत नाही. स्फुरद व कॅल्शियम यांच्या एकत्र फवारणीने काही प्रयोगांत लाली वाढल्याचे दिसले आहे, पण सर्वत्र तसे घडलेले नाही.

एक फवारणी मात्र रंग हमखास लवकर आणते. ती इथेफॉनची. तिला पोषण म्हणता येणार नाही, कारण तिच्यातून इथिलीन हा पिकविणारा वायू सुटतो. फळ वेळेआधी लाल होऊन चढ्या भावाचा बाजार गाठते, पण ते लवकर गळू लागते, गर लवकर मऊ होतो आणि साठवणीत टिकत नाही. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पिठूळ लागलेल्या लालबुंद फळाच्या पाठीमागे हे एक कारण असू शकते. दीर्घकाळची साठवण हे दुसरे.

आमच्या मते ज्या बागवानाने हिवाळ्यात फांद्यांची योग्य छाटणी केली, माती आणि पाने तपासून मगच खत दिले, त्याने रंगासाठी बाटलीवाल्यापेक्षा अधिक केले. ऊन आत शिरले पाहिजे. बाकीचे झाड पाहून घेते.

आपल्या बाजूने पाहावयाचे तर, फळ हाती घेऊन लालीच्या मधला, देठाजवळच्या खळग्यातला मूळ रंग पाहावा. तो गवतासारखा हिरवा असेल तर वरची लाली कितीही गडद असो, फळ पुरते पिकलेले नाही. पिवळसर झाला असेल तर पिकले. आणि कधी गोल्डन डेलिशसही घेऊन पाहावे. रॉयलच्या बागांत परागासाठी त्याची झाडे लावलेली असतात, त्यांच्यावाचून रॉयलला नीट फळ धरत नाही. ते पिवळे, पातळ सालीचे आणि गोड असते, आणि लाली नसल्यामुळे बहुधा कमी भावाने विकले जाते.