माळ्यावरचे विमान

गेल्या महिन्यात रेवसच्या घराची कौले उतरवली. माळा रिकामा करताना भाताच्या कणगीमागून एक विमान निघाले. नातवाने उचलले तर एक पंख त्याच्या हातातच आला. ‘‘आजोबा, हे कुणी बनवलं?’’ आम्ही म्हणालो, आम्हीच. त्याला काही खरे वाटले नाही.

विमान १९७३ सालचे. आमचे वडील मुंबईच्या गोदीत मजुरी करीत आणि महिन्याकाठी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गावी येत. एकदा त्यांनी खारी बिस्किटांच्या पुड्याचा कागद जपून घडी करून आणला. त्यावर एअर इंडियाच्या जंबोचे चित्र होते. १९७१ च्या एप्रिलात आलेले देशातले हे पहिले जंबो. लांबी सुमारे ७० मीटर, पंखांचा पसारा ६० मीटर. खिडक्यांभोवती राजवाड्यासारखे लाल झरोके रंगवलेले, आणि नाव काय, तर सम्राट अशोक! वडिलांनी आणला तो या नावासाठी.

मीटरला सेंटिमीटर असे माप धरले. धड पांगाऱ्याचे, कारण ते लाकूड हलके आणि कोयतीने सहज तासले जाते. पंखांना बांबूच्या कामट्या, वर वहीचे पुठ्ठे, चिकटवायला घरची खळ. चार इंजिने म्हणजे दोऱ्याची रिकामी रिळे. लाल रंग होडी रंगवणाऱ्या एका कोळीदादांनी करवंटीत दिला. जंबोच्या डोक्यावरचा उंचवटा काही केल्या जमेना, तेव्हा आंब्याची कोय चिरून बसवली. जरा लहान पडली, पण चालून गेली.

शाळेच्या प्रदर्शनात गुरुजींनी विचारले, ‘‘कुणाकडून करून आणलंस?’’ आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. वडिलांनी ऐकून घेतले आणि विमान बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर नेऊन ठेवले.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री तेच सम्राट अशोक दुबईला निघाले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. आजीने आधी विचारले, ‘‘माणसं किती?’’ १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून समुद्राची बातमी आली की ती हेच विचारी. आम्ही म्हणालो, २१३. ती एवढेच म्हणाली, ‘‘ते नजरेआड ठेव.’’

माळ्यावर नेण्याआधी आम्ही पात्याने त्यावरचे नाव खरवडून काढले. कुणी सांगितले नव्हते. हे नाव लाभत नाही, असे मनात आले होते. एरवी अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारे आम्ही, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अशोकाचे नाव खरवडत होतो!

खरे कारण पुढे कळले. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दाखवत राहिले, म्हणून ते डावीकडे वळवले गेले आणि कलंडत पाण्यात गेले. उड्डाणापासून अवघ्या १०१ सेकंदांत. बाहेर काळोख, खाली समुद्र. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. अवसेच्या रात्री आभाळ कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नाही, तेव्हा तांडेल खांदेरीचा दिवा शोधतो. तो दिवाच भलतीकडे दिसला तर?

२३ जून १९८५ ला ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ पडले, ३२९ माणसे गेली. तेव्हा ओळखीतले एकजण म्हणाले, बघा, दोन्ही नावे बौद्ध राजांची. आम्ही तडकून म्हणालो, त्यात बॉम्ब ठेवला होता, नावाचा काय संबंध? भांडलो खरे, पण माळ्यावर चढून आमच्या विमानावरचे नाव पुन्हा लिहिले नाही.

नातवाने त्या ओरखड्यांवर बोट फिरवून विचारले, इथे काय होते? सगळे सांगितले. आता पंख फेव्हिकॉलने चिकटवला आहे. नाव कोणत्या रंगात लिहायचे यावर आजोबा-नातवाचे जमत नाही. मूळचे लाल होते, तो निळ्यावर अडून बसला आहे.