लाल पाटीला शिव्या कशाला?

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मावशीचा फोन. "अरे, तुझ्या त्या गुगलने माझं दुकान बंद पाडलंय!"

आयटीत नोकरी लागली की नातेवाइकांच्या लेखी प्रिंटरपासून गुगलपर्यंत सगळं आपलंच असतं, त्यामुळे निमूट ऐकून घेतलं. मावशी घरगुती फराळ करते, ऑर्डरी वेबसाइटवरून येतात. आणि ऐन हंगामात साइट उघडली की क्रोममध्ये लालभडक पान: पुढे धोका आहे, मागे फिरा. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर फोन करून विचारलं म्हणे, "काकू, काही पोलीस केस वगैरे झालीय का?"

ज्याने साइट करून दिली त्याचं उत्तर तयारच होतं. "गुगलचा प्रॉब्लेम आहे. वॉर्निंग काढायचे तीन हजार होतील." तीन हजार घेऊन साहेबांनी काय केलं? सर्च कन्सोलमध्ये जाऊन फेरतपासणी मागायचं बटण दाबलं. नकार आला. परत दाबलं. परत नकार.

मंडळी, माझा राग आहे तो ह्या माणसावर आणि त्याच्यासारख्या आपल्या तमाम व्यवसायबंधूंवर. पेशंटला १०३ ताप, आणि हा थर्मामीटर बदलायचे पैसे घेतोय!

शनिवारी मीच बसलो. होमपेज अगदी स्वच्छ. पण सर्च कन्सोलच्या सुरक्षा अहवालात बऱ्याचदा दोषी पानांचे नमुन्यादाखल पत्ते दिलेले असतात, ते कोणी वाचतच नाही. त्यातला एक पत्ता फोटोंच्या फोल्डरमध्ये चार पायऱ्या आत जात होता. होस्टिंगवर जाऊन ती फाइल बघितली, तर एका बँकेचं हुबेहूब लॉगिनचं पान! मावशीच्या चकल्यांच्या फोटोंशेजारी बसून कोणीतरी लोकांचे पासवर्ड गोळा करत होतं.

आता सांगा, ती लाल पाटी कोणाच्या बाजूने उभी होती? आपण हिशोब मांडतो तो बुडालेल्या ऑर्डरींचा. एसेमेसमधली लिंक दाबून त्या पानापर्यंत आलेल्या आणि पाटी बघून मागे फिरलेल्या माणसाचा हिशोब कोण मांडणार? मावशीला हे समजावलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या घरात बसून चोरी चालली होती?" हो मावशी, तसंच.

चोर शिरला कसा? विकत घ्यायची थीम कुठूनतरी फुकटात उतरवलेली, आणि तिच्यात मागचं दार आधीच उघडं ठेवलेलं. वर्डप्रेस तीन वर्षांत अपडेट नाही. अ‍ॅडमिनच्या यादीत मावशी, तो पोरगा आणि एक कोणीतरी तिसराच. कहर म्हणजे सर्च कन्सोलमध्येही एक अनोळखी मालक नोंदवलेला! (कॉलेजात असताना मीही अशा थीम वापरून दोन साइट विकल्यात. तेव्हा अक्कल नव्हती, हे कारण चालणार असेल तर चालवून घ्या.)

नुसती ती एक फाइल उडवून भागत नाही, मागच्या दाराने ती परत येते. साइट बंद ठेवली, वर्डप्रेस नव्याने टाकलं, थीम फेकली, अपलोडच्या फोल्डरमधली प्रत्येक पीएचपी फाइल काढली (फोटोंच्या फोल्डरात पीएचपीचं कामच काय?), होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, सगळे पासवर्ड बदलले, दोन्ही आगंतुकांना हाकललं. मग काय केलं ते सविस्तर लिहून फेरतपासणी मागितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटी उतरली. हे फसवणुकीच्या पानाचं झालं. मालवेअर असेल तर काही दिवस लागतात आणि साइट हॅक करून स्पॅम भरलेला असेल तर कधीकधी कित्येक आठवडे.

"पण एकट्या गुगलने का ठरवायचं?" हा प्रश्न मला मान्य आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, तिघेही गुगलच्याच यादीवर विसंबतात, आणि तक्रारीला फोन नंबर नाही. ३१ जानेवारी २००९ ला तर त्या यादीत चुकून नुसती एक तिरकी रेघ '/' गेली. ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते, त्यामुळे जवळपास सगळं इंटरनेटच धोकादायक ठरलं! आपल्याकडे तेव्हा शनिवारी रात्रीचे आठ वाजले होते. तासाभरात सगळं सुरळीत झालं आणि चूक माणसाच्या हातून झाल्याचं गुगलने कबूलही केलं. तेव्हा यादी चुकू शकते, जरूर भांडा. पण आधी आपले फोल्डर उघडून बघा आणि मग भांडा. "आमचं होमपेज तर नीट दिसतंय" हा पुरावा नव्हे. कित्येकदा पत्ता थेट टाईप करणाऱ्या मालकाला साइट ठीकठाक दिसते आणि गुगलवरून येणारा मात्र भलतीकडेच जाऊन पडतो.

असो. मावशीच्या शेवटच्या आठवड्यातल्या ऑर्डरी बऱ्यापैकी झाल्या. त्या पोराने तीन हजार परत केलेले नाहीत. उलट परवा त्याचं वार्षिक देखभालीचं बिल आलंय.