एक ग्रह सापडला, दुसरा नाही

"आम्हाला अनुभव आलाय!" भारतात फोन केला की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. कुणाला काढ्याचा, कुणाला अंगठीतल्या खड्याचा. आणि वर पुन्हा, "तुमचं विज्ञान तरी काय वेगळं करतं? चार वेळा तसं घडलं की झाला नियम!" मंडळी, वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. म्हणूनच ल व्हेरिएची गोष्ट सांगावीशी वाटते.

युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. या फ्रेंच माणसाने न्यूटनला धक्का न लावता पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार असं मांडलं आणि तो आकाशात कुठे दिसेल तेही काढून दिलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गालेने दुर्बीण लावली, तर सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून हजर! (सूर्यापासूनचं अंतर मात्र गणितात बरंच चुकलं होतं, पण ते असो.)

पुढे बुधाची कक्षाही जरा जास्तच सरकताना दिसली. किती? शतकात जेमतेम ४३ विकला. एक अंश म्हणजे ३६०० विकला. १८५९ मध्ये ल व्हेरिएने तेच औषध पुन्हा काढलं: सूर्याजवळ आणखी काहीतरी फिरत असणार. त्याचं नाव पडलं व्हल्कन. एकदा गुण आलेला, म्हणजे अनुभवाच्या न्यायाने हेही खरंच! एका खेड्यातल्या डॉक्टरला सूर्यबिंबावर काळा ठिपकाही दिसला होता. १८७८ च्या खग्रास ग्रहणात आमच्या या डेनव्हरजवळून स्विफ्टने आणि वायोमिंगमधून वॉटसनने "दिसला" म्हणून सांगितलं. (शोधणाऱ्याला दिसतंच!) पण दोघांच्या जागा ताडून पाहता जुळेनात आणि नंतरच्या ग्रहणांत काही सापडेना. शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्या ४३ विकला बाहेर पडल्या, नवा ग्रह न मानता.

माझ्या मते फरक आहे तो इथे. किती वेळा जुळलं याहून, चुकायला किती वाव ठेवला होता हे महत्त्वाचं. नेपच्यूनची जागा आधी सांगितली होती. तिथे तो नसता तर गणित तोंडावर आपटलं असतं. व्हल्कनला तीच परीक्षा द्यावी लागली आणि ल व्हेरिएच्या नावाकडे बघून कुणी गुण वाढवले नाहीत. काढ्याने सर्दी आठवड्यात गेली म्हणता, पण न घेता किती दिवसांत जाते हे मोजलंय का? खड्याचं तर विचारूच नका. काम झालं तर खड्यामुळे, नाही झालं तर साडेसाती कडक.

अनुभव जरूर सांगा. फक्त एवढं सांगा, काय घडलं असतं तर ती अंगठी तुम्ही काढून ठेवली असती?