लढाई उरते, तंटा गळतो

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली सतराव्या शतकातील सैनिकांचा वेष चढवून माळावर उतरतात. कोणी ढोल वाजवते, कोणी पाणी पुरवते. वय भरले की हाती लांब भाला येतो. १६४२ ते १६५१ च्या यादवी युद्धातील लढाया अशा पुन्हा उभ्या करणारी ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८ साली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी स्थापन केली. तिचे नाव १६५० च्या दशकात राजेशाही परत आणू पाहणाऱ्या एका गुप्त मंडळावरून घेतलेले आहे. संस्था स्वतःला राजकारणापासून अलिप्त म्हणवते. नावाने मात्र बाजू घेतलेली आहे!

या छंदाची थट्टा करणे हे आपले काम नव्हे. जाड लोकरी अंगरखा घालून उन्हात भाला तोलणाऱ्या मुलाला सनावळीच्या पाठांतरापेक्षा अधिक काही कळते. युद्धाचे ओझे कोण वाहतो, हे त्याचा खांदाच त्याला सांगतो. आक्षेप आहे तो गाळलेल्या भागाबद्दल. १६४७ च्या शरदात पटनीच्या चर्चमध्ये सामान्य शिपायांचे प्रतिनिधी क्रॉमवेलसमोर बसून गरिबाच्या मताधिकारासाठी भांडले. थकलेला पगार व राजकीय मागण्या यांचा निकाल लागेपर्यंत आयर्लंड जिंकावयास जाणार नाही, असे म्हणणाऱ्या ‘लेव्हलर’ सैनिकांना १६४९ च्या मे महिन्यात बर्फर्डच्या चर्चमध्ये कोंडण्यात आले आणि १७ तारखेस त्यांपैकी तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. अँथनी सेडली या कैद्याने तेथील बाप्तिस्म्याच्या कुंडावर कोरलेले आपले नाव आजही वाचता येते. बर्फर्डला १९७५ पासून श्रमिक चळवळीतील लोक स्मृतिदिन पाळतात. परंतु माळावरच्या तमाशात तोफा धडाडतात, धूर विरतो, प्रेक्षक घरी जातात. शिपाई कशासाठी मेला हे विचारण्यास तेथे सवडच नसते.

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगारांवर घोडेस्वार पोलिसांनी हल्ला चढविला होता. १७ जून २००१ रोजी जेरेमी डेलर या कलावंताने तोच प्रसंग तेथेच पुन्हा उभा केला. अशा लढाया खेळणारे सुमारे ८०० हौशी लोक त्यात होते आणि त्यांच्या जोडीला सुमारे २०० माणसे मूळ संघर्षातली, बहुतेक माजी खाणकामगार. लढाई खेळणाऱ्यांना त्या दिवशी तंटाही शिकावा लागला.

आपल्या विद्यार्थी-युवक आघाड्यांनी हे साधन वापरून पाहावे. मुंबईचेच उदाहरण घ्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरील नाविकांनी निकृष्ट अन्न व वर्णद्वेषी शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा, ही त्यांची एक मागणी होती. २२ तारखेस पक्षाच्या हाकेवर गिरण्या बंद पडल्या आणि परळला गोळीबारात कॉ. कमल दोंदे धारातीर्थी पडल्या. हा प्रसंग उभा करावयाचा तर कुलाब्याच्या पोरांना आधी ते मागणीपत्रक वाचावे लागेल, आणि परळच्या पोरांना शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गिरणीचा भोंगा कसा वाजत असे ते विचारून घ्यावे लागेल.