राग नेत्याचा, हातोडा पालिकेचा

प्रति,
मा. एकनाथ शिंदे,
उपमुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



विनोदी कलाकार कुणाल कामराच्या विडंबनगीतात तुमचे नाव नव्हते. तरी 23 मार्च 2025 च्या रात्री तुमच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला, तुमचे आमदार मुरजी पटेल यांनी अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन त्याच जागी पोहोचले. रिक्षा चालवून या पदापर्यंत आलेला माणूस, ही तुमची ओळख उपनगरांतल्या कष्टकऱ्यांना आपली वाटते. एका गाण्याने ती पुसली गेली नसती. तिला खरा डाग लावला तो त्या रात्रीच्या तोडफोडीने. नेत्याला कोण काय बोलले यापेक्षा त्यावर नेता कसा वागला, यावरून लोक त्याला जोखतात.

हे एकट्या तुमच्या पक्षापुरते नाही. सप्टेंबर 2020 मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, त्यांचे व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. ते व्यंगचित्र आज कुणाला आठवत नाही. त्या वृद्धाचा सुजलेला डोळा मात्र आठवतो. त्याच आठवड्यात पालिकेने कंगना रनौत यांच्या पाली हिलच्या बंगल्यावर हातोडा चालवला आणि ती कारवाई द्वेषबुद्धीची असल्याचे उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ठरवले.

खारचे बांधकाम बेकायदा होते, म्हणून पाडले, असे सांगितले जाते. असेलही. पण ते नेमके तोडफोडीच्या दुसऱ्या दिवशीच कसे दिसले? मार्च 2022 पासून पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, जाब विचारायला नगरसेवक नव्हते आणि नगरविकास खाते तुमच्याकडे होते. अशा वेळी कारवाई नियमाची की रागाची, हे नागरिकाने कसे ओळखावे? उद्या खरोखरच्या बेकायदा इमल्यावर हातोडा पडला, तरी लोक आधी मालकाने कुणाला दुखावले हेच विचारतील. हे नुकसान तुमच्या प्रतिमेपेक्षा मोठे आहे.

विडंबन कळते, पण त्याला मर्यादा हवी, क्रियेला प्रतिक्रिया येतेच, असे तुम्ही म्हणालात. मर्यादा हवी हे मान्य. ती ठरवायला अब्रुनुकसानीचा कायदा आहे, न्यायालय आहे. त्या गाण्यातला गद्दारीचा आरोप झोंबतो हेही खरे. पण ज्या बाळासाहेब ठाकरे यांचा वारसा तुम्ही सांगता, त्यांची संघटना व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून उभी राहिली. 13 ऑगस्ट 1960 रोजी त्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाचे प्रकाशन केले ते त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. आपल्यावरही हा कुंचला चालेल, हे त्यांना ठाऊक नसेल काय?

म्हणून दोन मागण्या. खारच्या तोडकामाचा आदेश कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे दिला, ते जाहीर करा. आणि तुमच्या नावाने तोडफोड करणाऱ्याला पक्षात पद मिळणार नाही, असे तुमच्या तोंडून सांगा.

आपला,
अंधेरीतील एक मतदार