डोंगरावरची बाटली कुणाच्या वाट्याची?



मागच्या रविवारी वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेची मुले घेऊन घोरावडेश्वरला गेले होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथून हा डोंगर जवळच. वर शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. त्यातले एक लेणे धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने दान दिले, असे तिथल्या ब्राह्मी लेखात कोरलेले आहे. राजाने नाही, कष्टकरी घरातल्या बाईने दिलेले लेणे मुलांना दाखवावे, एवढाच हेतू होता.

वर पोचलो तर पाण्याच्या पोढीत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. सातवीतल्या एका मुलाने वाकून दोन बाटल्या बाहेर काढल्या. त्याची आई कचरा वेचते. शेजारी ट्रेकला आलेल्या तरुणांचा घोळका बसला होता. त्यातल्या एकाने आपली रिकामी बाटली त्याच्यापुढे धरली आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "घे रे, ही पण घे. तुझ्या कामाची आहे." मग बाकीच्यांनीही दिल्या. वेफर्सची रिकामी पाकिटेसुद्धा दिली.

कुणी शिवी दिली नाही. कुणी जात विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही.

"ताई, कचऱ्यातही जात आणता का?" हा प्रश्न मला ठाऊक आहे. मी आणत नाही, ती तिथे आधीपासून आहे. पुणे-पिंपरी परिसरात कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, हा योगायोग नाही. एकाने घाण करायची आणि दुसऱ्याने जन्मभर ती काढायची, ही गावगाड्यातली वाटणी शहरात आली आणि आता रविवारी सॅक पाठीला लावून डोंगरावरही चढली. डोंगरावर बाटली टाकणाऱ्याच्या मनात एक खात्री असते, की कुणीतरी उचलेल. हा 'कुणीतरी' कोण, याचे उत्तर आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे.

दुसरा युक्तिवाद येतो, की लोकांना माहिती नाही, प्रबोधन करा. हे मला पटत नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला विचारा. तिथे 'फाइव्ह एस'चे फलक असतात. पत्र्याचे भंगार वेगळे, तेलाने माखलेली चिंधी वेगळी, पुठ्ठा वेगळा. चुकीच्या डब्यात टाकले तर सुपरवायझर हिशेब मागतो. शनिवारपर्यंत ही शिस्त पाळणारा माणूस रविवारी डोंगरावर अडाणी होत नाही. तिथे विचारणारा कुणी नसतो आणि उचलणारा आपल्यातला नसतो, एवढाच फरक.

आता 'भंगारात जाईल' या समजुतीबद्दल. पाण्याची बाटली भंगारवाला घेतो, पण वेफर्सचे चकचकीत पाकीट घेत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर त्यात एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही. म्हणजे त्या मुलाच्या हातात पाकिटे देणाऱ्यांनी त्याला उपयोगी वस्तू दिली नव्हती, स्वतःचे ओझे दिले होते. शहरात निदान घंटागाडी दारात येते, कचरा मोशीच्या डेपोत जातो. लोहगड, विसापूर, भाजे परिसरातल्या लहान ग्रामपंचायतींकडे महापालिकेसारखी यंत्रणा कुठून येणार? जिथे घंटागाडी आहे तिथून निघून जिथे नाही तिथे कचरा टाकून येणे, याला निसर्गप्रेम म्हणायचे का?

म्हणून मार्ग साधा आहे. पाणी घरून न्या. रिकामे पाकीट, कागदी कप, सगळे पिशवीत घालून लोकलने परत आणा आणि आपल्या घरच्या सुक्या कचऱ्यात टाका. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे ठेवा. फुटलेली काचही तशीच वेगळी द्या, कारण ती पिशवी पुढे एका बाईच्या उघड्या हातात जाणार असते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्याचीच आहे, हे २०१६च्या घनकचरा नियमांनीही सांगितले होते. यात उपकार नाही.

आणि कृपा करून वर्षातून एकदा हातमोजे घालून फोटो काढून सफाई कामगारांना 'स्वच्छतादूत' म्हणू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब राजगृहाच्या सुनीत नावाच्या सफाई कामगाराची गोष्ट सांगतात. बुद्धाने त्याच्या झाडूचा सत्कार केला नाही. त्याला संघात बरोबरीची जागा दिली. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तीही शाल-श्रीफळासाठी नाही, कामगार म्हणून ओळखीसाठी आणि हक्कांसाठी. पर्यटनाच्या जागा ज्यांच्याकडून साफ करून घेता त्यांना रोजंदारी, हातमोजे आणि विमा द्या. सत्कार नंतर करा.

हे आपल्यालाही लागू आहे, बांधवांनो. मागच्या २५ डिसेंबरला धम्मभूमीवर मी स्वतः चहाचा कप खुर्चीखाली ठेवून भाषण ऐकायला उठले. परत आले तेव्हा कप तिथे नव्हता. कुणी उचलला, हे मी पाहिलेही नव्हते. ब्राह्मणी व्यवस्था फक्त इतरांच्या डोक्यात असते, असे मला त्या दिवसापासून म्हणता येत नाही.

घोरावडेश्वरवर मी त्या मुलाच्या हातातल्या बाटल्या आणि पाकिटे घेतली, घोळक्यापाशी गेले आणि ज्याची त्याला परत दिली. "तुमच्या आहेत, खाली घेऊन जा," एवढेच म्हणाले. दोघांनी तोंड वाकडे केले. पण सगळ्यांनी सॅक उघडल्या.

उतरताना मुलगा म्हणाला, "ताई, असं देता येतं होय?"

येतं. द्यायलाच पाहिजे.

नमो बुद्धाय.